मनू, हाताचं मला काल कळलं

प्रिय मनू,

सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि परत ठेवला. बोललो तर माझा आवाज चढणार आणि तू "पप्पा नंतर करते, साहेब आलेत" म्हणणार, म्हणून लिहितोय. तुझ्या दादानं बोलून टाईप करायचं शिकवलंय मला पण दुकानात बसून हे असलं मोठ्यानं कसं बोलायचं, समोर गिऱ्हाईक असतं. एकेक अक्षर दाबत लिहितोय, चुकलं माकलं समजून घे.

तुला खरं तर आनंदाची बातमी लिहायची होती. काल रोटरीचा कार्यक्रम झाला लायब्ररीच्या हॉलमध्ये, पोलिसांचा सत्कार आणि नवीन मेंबरांचा प्रवेश एकाच वेळी ठेवला होता, आणि माझ्या कोटाला पिन लागली. हो, कोट. तुझ्या दादाच्या लग्नातला, जरा कमरेत सोडला आणि घातला. फोटो पाठवायचे होते रात्रीच. पण सत्कार झाल्यावर मधल्या सुट्टीत चहाच्या टेबलापाशी तुझी ट्रेनिंगमधली मैत्रीण भेटली, ती आता इथं निर्भया पथकात आहे ना, तिचाही सत्कार होता. वाकून पाया पडली आणि म्हणाली, काका मनीषाचा हात कसाय आता, प्लास्टर कधी निघणार?

मी म्हणलं, बराय.

दुसरं काय म्हणणार, तिला वाटलं मला सगळं माहितीय, मग ती बोलत गेली आणि मी हं हं करत ऐकत गेलो. एकतीस तारखेला रात्रभर नाकाबंदी, तिथनं तशीच एक तारखेला पेरणे फाट्याला जयस्तंभाच्या बंदोबस्तावर, आणि दोन तारखेला पहाटे स्कूटीवर रूमवर जाताना वाघोलीच्या पुढं तुझा डोळा लागला. डोळा लागला. हे दोन शब्द ऐकल्यापासून माझ्या पोटात जो खड्डा पडलाय तो अजून भरला नाही. डिव्हायडरला घासून पडलीस, डाव्या मनगटाला फ्रॅक्चर, मागं गाडी नव्हती म्हणून. मागं गाडी नव्हती म्हणून, मनू.

आणि तीन तारखेला व्हिडिओ कॉलवर तू माझ्याशी बोललीस. घरात जर्किन घालून बसली होतीस, मी विचारलं पण, एवढी थंडी आहे का गं पुण्यात, तर म्हणालीस हो ना पप्पा. तीस वर्षं माणसांच्या बाह्या बघून काढली मी आणि मला एक बाही फुगलेली दिसली नाही.

जाऊ दे. हे मी नंतर लिहितो. आधी कार्यक्रमाचं सांगतो नाहीतर तेच तेच उगाळत बसेन.

आपल्या पोलीस स्टेशनमधल्या पाच जणांचा सत्कार झाला. जानेवारी म्हणजे रोटरीत व्यवसाय सेवेचा महिना असतो म्हणे, त्यात आपापलं काम मनापासून करणाऱ्यांचा सन्मान करतात, एखाद्या वर्षी पोस्टमन एखाद्या वर्षी नर्स. यंदा पोलीस घेतले कारण रेझिंग डेचा आठवडा जोडून आला. २ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंच्या हातून आपल्या पोलीस दलाला ध्वज मिळाला, तो स्थापना दिवस, हे मला काल पीआय साहेबांच्या भाषणातनं कळलं. तू पडलीस तो दिवस तोच बघ. बघ परत तिकडंच आलो.

सत्कारातल्या पहिल्या हवालदारांना तू ओळखतेस, मार्चमध्ये रिटायर होणारेत, त्यांच्या तिन्ही फिती मी लावल्यात. पंढरीच्या बंदोबस्तात चुकलेली एक आजी त्यांना सापडली होती, तिला गावाचं नावच सांगता येईना, फक्त दारात मोठी चिंच आहे एवढंच सांगायची, तर ह्या माणसानं ड्यूटी संपल्यावर दिंडीवाल्यांकडे चौकशी करत करत दुसऱ्या दिवशी तिला घरच्यांच्या ताब्यात दिलं. हे त्यांनी स्वतः सांगितलं नाही, निवेदन करणाऱ्या बाईंनी वाचून दाखवलं आणि ते आपले खाली मान घालून टोपीची कड चाचपत बसलेले. एक जण ११२ च्या गाडीवरचे ड्रायव्हर, एक ट्रॅफिकचा पोरगा, ठाणे अंमलदार म्हणून बसणाऱ्या एक ताई, आणि तुझी मैत्रीण. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह सगळं झालं. पाचातले चार शर्ट माझ्या हातचे होते, लांबनंच ओळखले, खिशाच्या झाकणाच्या टोकावरनं. त्या ट्रॅफिकच्या पोराचा तेवढा रेडिमेड, खांदा उतरलेला. त्याला म्हणलं ये दुकानात, नीट करून देतो.

पीआय साहेब चांगलं बोलले, थोडकं बोलले. तुकाराम ओंबळेंचं नाव घेतलं. साताऱ्याच्या केडंबे गावचा माणूस, हातात फक्त काठी, आणि गिरगाव चौपाटीवर त्या कसाबची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या पोटात घेतल्या पण सोडली नाही. हॉलमध्ये एकदम शांत झालं. मला २००८ ची ती रात्र आठवली, दुकानात टीव्ही चालू होता आणि माझ्या मशीनवर खाकीच होती, कुणाची तरी पँट, आणि मला टीप मारवेना. तू तेव्हा शाळेत, चटईवर झोपलेली, भिंतीकडं तोंड करून. तेव्हा काय माहीत होतं की तू ह्याच कापडात जाणार.

आई तुला भरतीला सोडायला तयार नव्हती हे तुला माहितीय, पण मीही पहिल्यांदा नाहीच म्हणलो होतो हे तुला आम्ही कधी सांगितलं नाही. मग कॉलेजच्या ग्राउंडवर तू पहाटे पळायला लागलीस, मी मोबाईलवर वेळ लावून उभा, ८०० मीटर. पहिल्या दिवशी शेवटच्या वळणावर बसलीस आणि ओकलीस. मला वाटलं चला, सुटलो. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला मला उठवायला तूच आलीस, बूट घालून. त्या दिवशी मी आईला म्हणलं, आता हिला अडवू नको. तुझा पहिला युनिफॉर्म मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, काजंसुद्धा हातानं केली. खांद्यावर ते पितळी मपो, म्हणजे महाराष्ट्र पोलीस, बसवताना हात थरथरला होता माझा, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खांद्यावर बसवलं कधी थरथरला नव्हता. अभिमान आहे गं, लई अभिमान आहे, हे आधी वाच मग बाकीचं वाच.

बाकीचं हे की झोप झाल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. रिक्षा कर. पैसे लागले तर मी पाठवतो, महिन्याचे वेगळे काढून ठेवतो, त्याचा हिशोब पण विचारणार नाही. रिक्षा नसेल तर तिथंच स्टेशनला बाकावर पड, तासभर पड, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. तोंडावर पाणी मारून झोप जात नाही, चहा पिऊन जात नाही, गाणी लावून जात नाही. तुला वाटतं मी जागी आहे, आणि रस्ता तेवढ्यात निघून जातो. टेंभुर्णीचं मी लिहिणार नाही असं ठरवलं होतं. तुझ्या मामालाही दहाच किलोमीटर राहिलेत असंच वाटलं होतं. एवढंच लिहितो.

मी फार लेक्चर देतोय. तुला कळत नाही असं नाही, तू पहाटेच्या नाकाबंदीत उभी राहून दुसऱ्यांना थांबवतेस, हळू जा म्हणतेस, तुला मी काय शिकवणार. माफ कर. पण तुझा रिलीव्हर आला नाही तर तू तशीच उभी राहतेस हे मला माहितीय, कारण ते तू माझ्याकडनं घेतलंस.

आता एक गोष्ट सांगतो जी मी कुणाला सांगितलेली नाही. तुझ्या जन्माच्या आधीची, १५ ऑगस्ट तोंडावर होता, परेडचे युनिफॉर्म शिवायचे होते आणि कारागीर गावाला गेला होता. दोन रात्री मी मशीनवरनं उठलो नाही. तिसऱ्या रात्री पायाखाली पायडल चालू आणि मी झोपलेलो. सुई नखातनं आरपार गेली आणि मोडली, अर्धी आतच. डाव्या हाताचं हे बोट, ज्याचं नख वाकडं आहे, तू लहानपणी विचारायचीस. मी सांगायचो दारात चेंगरलं. माझ्या आईलाही तेच सांगितलं होतं, पदराखाली हात धरून बसली होती बिचारी आणि मी तोंडावर खोटं बोललो, का तर तिनं काळजी करू नये. म्हणजे लपवायचं तू कुणाकडनं शिकलीस ते मला माहितीय. म्हणून ओरडत नाही. पण माझी ती सुई होती मनू, तुझ्याखाली गाडी होती.

पेपरात २०२२ ला आलं होतं ना, महिला पोलिसांना आठ तासांची ड्यूटी करायचा आदेश निघाला, ते कात्रण आईनं फ्रीजवर लावलं होतं आणि त्या दिवशी शिरा केला होता. अजून आहे ते कात्रण, पिवळं पडलंय. रोजच्याला ते होत असेल, पण बंदोबस्ताला घड्याळ नसतं हे आम्हाला पण आता कळलंय. लाखो माणसं एका जागी येतात आणि सुखरूप घरी जातात त्याच्यामागं कोण उभं असतं ते लोकांना दिसत नाही. काल हॉलमधल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मला वाटलं त्यातल्या थोड्या तुझ्या पण आहेत. आणि दहा मिनिटांनी मला ते कळलं.

माझं मेंबर होण्याचं पण सांगतो, तुला वाटत असेल पप्पा तिथं कसे गेले, तिथं तर डॉक्टर आणि व्यापारी. दिवाळीच्या आधी रोटरीतले डॉक्टर साहेब स्वतः दुकानात आले होते, मी म्हणलं साहेब मी टेलर माणूस. तर ते खुर्चीवर बसले आणि सांगायला लागले की १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं पहिली मीटिंग घेतली तेव्हा चारच माणसं होती, एक तो वकील, एक खाणीचा इंजिनिअर, एक कोळशाचा व्यापारी आणि चौथा टेलर. कपडे शिवणारा. आळीपाळीनं एकमेकांच्या ऑफिसात जमायचे म्हणून रोटरी नाव पडलं. मी दोन दिवस तेच घोळवत होतो डोक्यात, एवढी मोठी संस्था जगभर, आणि पहिल्या चारात आपल्या धंद्याचा माणूस. क्लबात वेगवेगळ्या धंद्यांची माणसं घ्यायची अशीच मूळची पद्धत आहे, तर आमच्यात टेलर नव्हता.

पण मी हो म्हणलो ते त्याच्यामुळं नाही. आपल्या गल्लीतल्या बबनकाकांची पँट मी शिवतो ती तू बघितलीस, एक पाय अठरा आणि एक पाय बारीक, आत कॅलिपर, पोलिओच्या पायाचा तो आधार, जाईल असा. मी धंद्याला लागलो तेव्हा अशी मापं वर्षाला पाच-सहा यायची, लहान लहान पोरांची, शाळेच्या हाफ पँटी. रोटरीनं १९८५ ला पोलिओच्या मागं लागायचं ठरवलं आणि आपल्या देशातला शेवटचा पेशंट १३ जानेवारी २०११ चा, बंगालमधल्या हावड्याची एक लहान मुलगी. २०१४ ला सर्टिफिकेट आलं. डॉक्टर साहेब हे सांगत होते आणि मी माझी मापाची वही काढून बघितली, खरंच, किती वर्षं झाली तसलं लहान पोराचं माप घेऊन. नाही आलं. एकटी रोटरी नाही, सरकार होतं, आशाताई, अंगणवाडीच्या बाया होत्या, बूथवर आपली आई पण बसायची. पण मी वही मिटली आणि फॉर्मवर सही केली. वर्गणी दोन हप्त्यांत घेणारेत.

काल आम्ही सहा जण नवीन होतो, त्यात दोघी बायका, एक दातांच्या डॉक्टर आणि एक आपल्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका. बायकांना मेंबर करायची मुभा रोटरीच्या नियमात जगभर १९८९ ला आली म्हणे. सुरुवातीला प्रेसिडेंटनी ती पितळी घंटा वाजवली, मग राष्ट्रगीत, मग सगळ्यांनी त्या चार कसोट्या म्हणल्या, आपण बोलतो ते खरं आहे का, सगळ्यांना न्याय होईल का, मैत्री वाढेल का, सगळ्यांचं भलं होईल का. पहिल्याच कसोटीला मी अडकलो असतो बघ, चहाच्या टेबलावर "बराय" म्हणलो ना. ती पिन चाकाची आहे, चोवीस दाते आणि सहा आरे, मधल्या भोकाला एक छोटी खाच. बाकीच्यांनी कोटाला लावून फोटो काढले, मी ती हातात घेऊन खाच बघत होतो. मशीनवाल्या माणसाला कळतं ते, खाचेत चावी बसली तरच चाक दांड्याला धरून फिरतं आणि ओढतं. नाहीतर दांडा एकटाच फिरतो.

प्रेसिडेंट म्हणाले नवीन मेंबरांनी दोन शब्द बोलावेत. हे चहाच्या नंतर झालं, दुसऱ्या सत्रात, म्हणजे मला तुझं कळून गेलं होतं. माझी चिठ्ठी खिशात होती, तू फोनवर सांगितलेली वाक्यं. काढलीच नाही. मी म्हणलं, तुम्ही शाल दिलीत ते चांगलं केलंत, पण ह्या लोकांना झोप द्या. म्हणलं, आपल्या पोलीस स्टेशनला लेडीज स्टाफला पाठ टेकायला स्वतंत्र जागा आहे का विचारा, नसेल तर क्लबनं साहेबांना विचारून एक खोली करू, दोन कॉट, पंखा, आतनं कडी, आणि बंदोबस्त सुटल्यावर लांबच्या पोरींना घरी सोडायला आपल्यातल्या कुणाची गाडी फिरू दे पाळीपाळीनं, सगळ्यांकडं गाड्या आहेत. गाद्या-उशांच्या खोळी मी शिवतो, म्हणलं. माझा आवाज कापत होता. कुणाला कळलं नाही का, तुझ्या मैत्रिणीला तेवढं कळलं, ती खाली बघायला लागली. थोडा वेळ कुणी बोललं नाही, मला वाटलं पहिल्याच दिवशी जास्त बोललो. मग पीआय साहेब स्वतः म्हणाले की मागं रेकॉर्डची एक जुनी खोली आहे, साफ केली तर होईल. डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं. बघू, होईल तेव्हा खरं. तिकडं पुण्यात तुमच्या स्टेशनला असं काही आहे का ते कळव, नसेल तर तिथल्या क्लबला आमच्या प्रेसिडेंटकडनं पत्र द्यायला लावतो. तू नको म्हणशील. साहेब काय म्हणतील म्हणशील. तुझं नाव कुठं येणार नाही ह्याची काळजी मी घेतो.

इथपर्यंत लिहिलं आणि आई दुकानात डबा घेऊन आली. कुणाला एवढं लिहिताय म्हणाली. मला दोन दिवस तरी थांबायचं होतं, पण एका घरात किती लपवालपवी करायची, सांगून टाकलं. रडली नाही. कुठला हात, एवढंच विचारलं. डावा म्हणलं. मग डबा तसाच ठेवून घरी गेली, आत्ता दादाचा फोन आला होता की डिंक तळायला घेतलाय, लाडू करतेय. रविवारी दादा येतोय तुझ्याकडं, लाडू घेऊन. त्याच्यावर चिडू नको, त्याला मीच पाठवतोय, आणि येताना स्कूटीची चावी घेऊन ये म्हणून मी त्याला सांगितलं होतं. सकाळी रागात सांगितलं होतं. आता परत फोन करून नको म्हणलोय. गाडी तुझी, तुझ्या पगाराची. फक्त झोप झाल्याशिवाय, लिहिलंय वर, परत नाही लिहीत.

एका हातानं सीसीटीएनएसला, त्या पोलिसांच्या कॉम्प्युटरवर, टायपिंग करत बसवलंय तुला हे पण कळलं. प्लास्टरवरनं युनिफॉर्मची बाही जात नसणार, वरनं जर्किन घालून बसत असशील. तुझ्या पहिल्या युनिफॉर्मच्या ताग्यातलं कापड उरलंय थोडं, शेड तोच आहे. शर्ट कापून ठेवलाय, डाव्या बाहीची खालची शिवण उघडी ठेवतोय आणि तिथं पट्टी देऊन टिचबटणं लावतो, म्हणजे प्लास्टरवरनं बाही घालून एका हातानं बंद करता येईल, बाहेरनं कुणाला दिसणार पण नाही. पण तुझं माप माझ्याकडं जुनं आहे आणि तुझी मैत्रीण म्हणाली तू वाळलीस. टेप नसेल तर सुतळी घे, प्लास्टरवरनं मनगटाला एक आणि कोपराच्या खाली एक, गुंडाळून गाठ मार आणि पट्टीवर धरून इंच मोज. दंड आणि छाती पण घे, रूममेटला घ्यायला लाव, श्वास धरू नको माप घेताना. शनिवारी दुपारपर्यंत पाठव, रात्री शिवून दादाकडं देतो. रात्री म्हणजे दहाच्या आत.

तुझे
पप्पा